समुद्राकडे तोंड करून

गुहागर, दापोलीजवळचे मुरूड, केळशी, दिवेआगर ही किनाऱ्यावरची जुनी गावे एकाच घडणीची आहेत. गावातून एक लांब रस्ता किंवा पाखाडी जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना घरे उभी असतात. अंगण, तुळशीवृंदावन, ओटी, पुढचे दार हे सगळे रस्त्याकडे. समुद्राकडच्या रांगेत मागच्या दाराने बाहेर पडले की विहीर आणि तिच्यापुढे नारळी-पोफळीची वाडी. वाडी अरुंद पण लांबच लांब, थेट पुळणीपर्यंत गेलेली. ती संपते तिथे केवडा, उंडी, सुरू यांची दाट रांग आणि तिच्यापलीकडे समुद्र. आज ज्याच्यासाठी माणसे मुंबई-पुण्याहून धावत येतात, तो समुद्र या घरांना परसदारी आहे. जाणत्या माणसांनी ठरवून त्याच्याकडे पाठ केली होती.

त्याला कारणे होती. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते, भिंतींना ओल धरते, कपडे वाळत नाहीत. पावसाळ्यात समुद्राकडून येणारी झड सरळ घरात घुसते. पूर्वी समुद्रातून चाचे येत, आणि गलबतांतून परक्यांची फौजही येई. कोळ्यांची घरे पुळणीजवळ असत, पण होडी, जाळे आणि वाळवणीची मासळी नजरेसमोर राहावी म्हणून. तिथेही घरे एकमेकांना खेटून, दाटीने बसलेली. नुसते बसून समुद्र पाहण्यासाठी घर बांधावे, ही कल्पना आपल्या किनाऱ्यावर फार जुनी नाही. ती कशी आली आणि आल्यावर तिने घराच्या भिंती, छप्पर, खिडक्या यांच्यापुढे कोणते पेच टाकले, ते या प्रकरणात पाहायचे आहे.

हे पेच कळण्यासाठी आधी समुद्रापासून दूर जाऊ. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात चकलांबा आहे. समुद्र तिथून सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर. या भागाला सर्वांत जवळचा 'सागर' म्हणजे जायकवाडीचा नाथसागर. इथले जुने घर माळवदाचे: दोन-तीन हात जाडीच्या भिंती, त्यांवर सागाच्या किंवा कडुनिंबाच्या तुळया, तुळयांवर आडव्या किलचणी, त्यांवर पाला, आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खिडक्या थोड्या आणि लहान. उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही जाड माती दिवसभर ऊन पिऊन घेते आणि आतली माणसे दुपार काढू शकतात. रात्री तेच माळवद झोपायला उपयोगी पडते. सपाट मातीचे छप्पर इथे चालते, कारण पाऊसच वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास. पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर दिला आणि पन्हाळ मोकळे ठेवले की भागते.

हेच माळवद रत्नागिरीला नेऊन ठेवा. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. माती पहिल्याच महिन्यात वाहून जाईल. कोकणातले घर म्हणून उलट्या बाजूने विचार करते. छप्पर उतरते, पाखी लांब, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील अशी बेतलेली. जोते उंच. भिंत जांभ्याच्या चिऱ्याची, आणि तिच्या भोवती पडवी. चकलांब्याच्या घराला ऊन अडवायचे असते, कोकणातल्या घराला पाणी. आणि ज्या घराला समुद्रही पाहायचा आहे त्याच्यापुढे तिसरीच अडचण उभी राहते. आपला समुद्र पश्चिमेला आहे. देखावा पश्चिमेला, दुपारनंतरचे कडक ऊन पश्चिमेकडून, आणि जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा पावसाची झड घेऊन येतो तोही त्याच बाजूने. जी भिंत उघडायची, तीच बंद करायची. कोकणातल्या समुद्रकाठच्या बंगल्याचे सगळे वास्तुशास्त्र या एका पेचाभोवती फिरते.

युरोपात हा पेच इतका कठीण नव्हता. रोमन श्रीमंतांनी दोन हजार वर्षांपूर्वीच समुद्रकाठी विश्रांतीची घरे बांधली होती. धाकट्या प्लिनीने रोमपासून सतरा मैलांवरच्या आपल्या घराचे वर्णन एका पत्रात सविस्तर केले आहे. त्याची जेवणाची खोली किनाऱ्यावर पुढे आलेली होती. तिला सगळीकडे दारे किंवा दारांएवढ्या मोठ्या खिडक्या होत्या, त्यामुळे तीन बाजूंना तीन समुद्र असल्यासारखे वाटे. नैर्ऋत्येचा वारा सुटला की दमलेल्या लाटांचे शेवटचे पाणी त्या खोलीच्या पायाला हळूच लागे, असेही तो लिहितो. तोच वारा कोकणात काय करतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

पुढे ही हौस बराच काळ मागे पडली, आणि इंग्लंडात ती परत आली औषधाच्या निमित्ताने. रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने १७५० साली समुद्राच्या पाण्याच्या गुणांवर ग्रंथ लिहिला, आणि ब्रायटन या मच्छीमारांच्या गावी रोगी येऊ लागले. त्यांच्या मागोमाग राजपुत्र आला. त्याच्या तिथल्या घराला जॉन नॅश या वास्तुकाराने १८१५ ते १८२२ या काळात नवे रूप दिले: घुमट, मिनार, जाळ्या, सगळा थाट हिंदुस्थानी. नॅशने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. पहिल्या महायुद्धात याच वाड्यात जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते, आणि मायदेशापासून हजारो मैलांवर आपले लोक त्या घुमटांखाली खाटांवर पडून होते.

मुंबईत इंग्रजांनी समुद्राकडे तोंड केले ते मलबार पॉइंटला. या भूशिराला तिन्ही बाजूंनी पाणी आहे. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२० च्या सुमारास तिथे बंगला उभारला तो मुख्य निवास म्हणून नव्हे. गव्हर्नरांचा मुख्य निवास परळला होता. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीला परळच्या निवासात पटकीने मृत्यू आला. त्यानंतर त्याच दशकात मुक्काम मलबार पॉइंटला हलला. पुढे राजभवन म्हणून ओळखले गेले ते हेच.

त्याच दशकात रत्नागिरीला एक राजा आला. समुद्रकाठच्या राजेशाही घराची महाराष्ट्रातली सर्वांत खोल, आणि मला सर्वांत अस्वस्थ करणारी कथा त्याची आहे.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा शरण आला. राजाला देशात ठेवणे धोक्याचे, म्हणून आधी रंगून, मग मद्रास, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी. त्याचे वय तेव्हा सत्तावीस. बरोबर राणी सुपयालत, धाकटी राणी, लहान मुली. चौथी राजकन्या पुढच्या वर्षी रत्नागिरीतच जन्मली. रत्नागिरीच का, याचे उत्तर भूगोलात आहे. मागे सह्याद्री, पुढे समुद्र. रेल्वे नाही, ती यायला आणखी शंभरावर वर्षे जायची होती. बोट हाच रस्ता, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. सरकारला जे हवे होते ते सगळे इथे होते. पुढे १९२४ साली सावरकरांनाही याच जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले. आणि इंग्रजांच्या या पद्धतीची दुसरी बाजू अशी, की दिल्लीच्या शेवटच्या बादशहाला, बहादूरशहा जफरला, त्यांनी १८५८ मध्ये रंगूनला पाठवले होते. हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात मेला, ब्रह्मदेशाचा राजा हिंदुस्थानात.

पहिली चोवीस वर्षे राजघराणे साहेबांसाठी बांधलेल्या बंगल्यांत राहिले. त्यांपैकी एकाचे नाव आउट्रम हॉल. घर अपुरे आहे, राजाला शोभणारे नाही, अशा तक्रारी सरकारकडे जात राहिल्या. अखेर सरकारने भाट्याच्या खाडीवरच्या टेकडीवर मोठी जागा घेतली आणि राजाच्या सूचना विचारात घेऊन राजवाडा बांधायला काढला. १९१० साली तो राहण्याजोगा झाला. थिबा तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता.

रत्नागिरीत या वास्तूला 'थिबा पॅलेस' म्हणतात. शहरातल्या रस्त्याचे नाव तेच, आणि जवळच्या थिबा पॉइंटवरून काजळी नदीचे मुख, भाट्याचा पूल, सुरूचे बन आणि पश्चिमेचा समुद्र एका नजरेत येतो. वाडा तीन मजली, तांबडा, उतरत्या छपरांचा. ब्रह्मी सागवानाचे खांब आणि छतकाम, अर्धवर्तुळाकार कोरीव खिडक्या, त्यांत रंगीत इटालियन काचा. वरच्या मजल्यावर संगमरवरी फरशीचा मोठा दरबारी दिवाणखाना. मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे.

वाड्याच्या भिंतीजवळ उभे राहून जांभा नीट पाहावा. खाणीतून काढताना हा दगड इतका मऊ असतो की पूर्वी तो कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासून काढत. उघड्या हवेत राहिला की त्यातली लोहाची संयुगे घट्ट होतात आणि चिरा वर्षागणिक टणक होत जातो. पृष्ठभागावर भोकेच भोके. त्या भोकांत पाणी शिरते, पण ऊन पडले की बाहेरही येते. भिंत ओली होते आणि पुन्हा सुकते. मुख्य म्हणजे तिच्या पोटात लोखंडी सळई नाही. समुद्राच्या हवेला गंजवायला तिथे काही सापडत नाही.

आता पश्चिमेचा पेच इथे कसा सोडवला ते पाहा. वाड्याने समुद्राला सरळ भिंत दिलेली नाही, मध्ये व्हरांडा घातला आहे. झड व्हरांड्यात संपते आणि खोली कोरडी राहते. दुपारचे ऊन व्हरांड्याच्या फरशीवर पडते, आतल्या भिंतीपर्यंत उतरायला त्याला संध्याकाळ होते. संध्याकाळी मात्र सूर्य इतका खाली येतो की कोणतेही छप्पर त्याला अडवू शकत नाही, आणि तेव्हा कामाला येतात त्या रंगीत काचा. मावळतीचा प्रखर उजेड त्यांतून गाळून, लाल-निळा होऊन आत येतो. गोव्यातल्या जुन्या घरांनी हेच काम शिंपल्यांच्या तावदानांनी केले. पातळ, अर्धपारदर्शक शिंपले चौकोनी कापून लाकडी चौकटीत बसवायचे. उजेड येतो, चटका येत नाही.

व्हरांडा ही काही ब्रह्मी गोष्ट नव्हती. मंडालेचा राजवाडा सागाचा, सोनेरी मुलाम्याचा, उंच चौथऱ्यावर पसरलेल्या एकमजली महालांचा होता. रत्नागिरीचा वाडा मात्र इंग्रजी अमदानीतल्या बंगल्याच्या घडणीचा आहे; राजाची आठवण त्यात सागवानात, कोरीवकामात आणि मागच्या बुद्धमूर्तीत उरली. ब्रायटनला इंग्लंडच्या राजपुत्राने हौसेने हिंदुस्थानी घुमट चढवले. रत्नागिरीला ब्रह्मी राजाला इंग्रजी साच्याचा बंगला मिळाला. दोन्ही घरे समुद्रकाठची, दोन्ही राजांची. पण एकाला परका आकार निवडता आला, दुसऱ्याच्या वाट्याला तो आला, आणि हा फरक मला कुठल्याही नक्षीपेक्षा मोठा वाटतो.

राजा वरच्या मजल्यावरून दुर्बिणीने येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी न्याहाळीत असे, असे रत्नागिरीत सांगतात. या घरात त्याला सहाच वर्षे मिळाली. १९१६ च्या डिसेंबरात तो वारला. १९१९ मध्ये त्याचे कुटुंब ब्रह्मदेशी परतले. त्याची समाधी रत्नागिरीतच राहिली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. तिची मुलगी तिथेच वाढली, मराठी माणसांत मिसळून साधेपणाने जगली. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी येऊन समाधीला वंदन केले. वाडा आज संरक्षित स्मारक आहे आणि त्यात प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. मंडालेचा मूळ राजवाडा १९४५ मध्ये युद्धात जळाला. त्यातली एक इमारत थिबाने कारकिर्दीच्या आरंभी बाहेर हलवून मठासाठी दिली होती, ती वाचली. म्हणजे थिबा राज्य करत असताना ज्या महालांत राहत होता ते जवळजवळ सगळे नाहीसे झाले, आणि बंदिवासातले घर उभे आहे.

समुद्रकाठी हौसेने बांधलेले घर सामान्य श्रीमंतांच्या आवाक्यात यायला विसावे शतक उजाडले. मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांनी समुद्र दिसेल अशा टेकडीवर आधीच महाल बांधला होता. मुंबईकरांची घरे जुहूला झाली, मग अलिबागकडे सरकली. किहीमला मुंबईतल्या काही कुटुंबांची सुटीची घरे होती. तिथेच १९३० साली पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी सुगरण पक्ष्याच्या संसाराचे निरीक्षण करून आपले पहिले मोठे संशोधन उभे केले. त्या घरांत थाट नव्हता. कौले, ओटा, विहीर, एवढ्यावर भागत होते.

थाट आला तो सिमेंट-काँक्रीटबरोबर. सपाट छत, समुद्राकडे भिंतभर काच, आत वातानुकूलन. पेच सोडवायचा नाही, यंत्राच्या बळावर दाबून टाकायचा, असा हा मार्ग. समुद्र त्याला फार दिवस दाद देत नाही. काँक्रीट स्वभावाने अल्कधर्मी असते, त्यामुळे आतल्या सळईवर संरक्षक पापुद्रा धरतो. हवेतले मीठ बारीक छिद्रांतून आत झिरपत राहते, त्यातले क्लोराइड तो पापुद्रा फोडते आणि सळई गंजू लागते. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते. ती जागा न मिळाल्याने काँक्रीट आतून फुटते. आधी सळईच्या रेघेत चीर, मग तांबडे डाग, मग पोपडे गळणे. किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावात पंचवीस-तीस वर्षांच्या बंगल्याच्या सज्जाखाली उभे राहून वर पाहिले की हे दिसते. सळईवरचे काँक्रीट जाड ठेवणे, ते घट्ट आणि कमी पाण्यात कालवणे, हे उपाय आहेत आणि ते कामी येतात. पण घाईने केलेल्या कामात नेमके हेच सुटते.

किनाऱ्याला कायद्याचे संरक्षण १९९१ मध्ये मिळाले. भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा 'सीआरझेड' म्हणून नियमनाखाली आला आणि ग्रामीण भागात पहिल्या दोनशे मीटरांत नवे बांधकाम बंद झाले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यासाठी हे अंतर पन्नास मीटरवर आणण्याची वाट मोकळी केली. मला हा बदल किनाऱ्याच्या भल्याचा वाटत नाही. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये किहीमला पळपुटा हिरे व्यापारी नीरव मोदी याचा बेकायदा बंगला जिल्हा प्रशासनाने पाडला. काँक्रीट इतके भक्कम होते की नेहमीची यंत्रे पुरी पडेनात. शेवटी खांबांना भोके पाडून, स्फोटके भरून तो उडवावा लागला. सव्वा वर्षाने, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या आणि छपरे उडवली. पोफळ लावून ती फळायला कित्येक वर्षे जातात. बंगल्याचे छप्पर महिन्याभरात नवे बसले, वाडीवाल्याचे उत्पन्न तसे परत आले नाही.

नव्या घरांत जुन्या शहाणपणाला धरून उभे राहिलेले एक घर अलिबागजवळ नांदगावला आहे. बिजॉय जैन यांच्या 'स्टुडिओ मुंबई'ने २००७ साली पूर्ण केलेल्या या घराचे नाव 'पामायरा हाऊस', म्हणजे ताडाचे घर. नारळाच्या बागेत, माडांना धरून, दोन लांबट दुमजली लाकडी घरे समोरासमोर उभी आहेत आणि मधल्या मोकळ्या जागेत पाण्याचा तलाव. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा. भिंतींच्या जागी ताडाच्या खोडाच्या तिरप्या पट्ट्या. ताडाचे खोड आतून भुसभुशीत पण कडेला काळे आणि चिवट असते. पट्ट्या त्या कडेच्या लाकडाच्या.

पश्चिमेच्या पेचाला या पट्ट्यांचे उत्तर साधे आहे. वारा येतो, ऊन तुकड्या-तुकड्यांनी येते, पाऊस तिरप्या पट्टीवरून बाहेरच ओघळतो, आणि माडांच्या खोडांमधून समुद्र दिसत राहतो. दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा आणि रात्री जमिनीकडून जाणारा मतलई वारा, दोन्ही घरातून आरपार जातात. पाणी जागेवरच्या विहिरींचे. ते उंच टाकीत चढवून उताराने घरात आणि बागेत सोडले आहे. आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या २०१० च्या अंतिम यादीत हे घर होते.

अशा घराला देखभाल लागते, हे लपवण्यासारखे नाही. पट्टी कुजली तर ती तेवढीच काढून नवी बसवावी लागते, आणि ते करू शकेल असा सुतार हाताशी असावा लागतो. स्टुडिओ मुंबईची पद्धतच सुतारांवर उभी होती. अलिबाग परिसरातल्या कार्यशाळेत वास्तुकार आणि कारागीर एकत्र बसत, लाकडाचा जोड आधी पूर्ण मापात करून पाहत, आणि मगच तो घरात जाई. हे नमुने, हत्यारे, आराखडे २०१० च्या व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात मांडले गेले आणि परीक्षकांनी त्यांची खास दखल घेतली. कोकणातल्या प्रत्येक तालुक्यात आजही कूस-साल जोडणारे सुतार आणि चिरा बसवणारे गवंडी आहेत. नवा बंगला बांधणाऱ्याने आराखड्याच्या पहिल्या दिवशीच त्यांना बोलावून घ्यावे, आणि पश्चिमेची भिंत कशी उघडायची ते त्यांना विचारावे.